अर्धं राहिलेलं जावळ

हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं म्हणून, आणि दोनदा नुसतंच, आनंदाने एका जागी बसवेना म्हणून. माझा स्वभावच तसा. धुळ्यात, देवपुरात घरीच शिवणकाम करते, आणि माझी गिऱ्हाइकं म्हणतात की अक्काचं मशीन आणि अक्काचं तोंड एकाच वेगाने चालतं. पण मध्ये पाच महिने असे गेले की मशीन चालत होतं आणि तोंड बंद होतं. देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही म्हणणार मी. मला देवापुढे उभं राहायची भीती वाटत होती. एकवीरा आईचं देऊळ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दर मंगळवारी न चुकता जाणारी मी बाई, त्या दिवसांत देऊळ लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने भाजी आणायला जात होते. कारण मी एक गोष्ट झाकून ठेवली होती, आणि ती गोष्ट माझ्या भाच्याच्या डोक्याची होती.

माझा धाकटा भाऊ योगेश पारोळ्याला असतो, शेतीच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. त्याची बायको सोनल फैजपूरकडची. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले, तेव्हा आमच्या घरात रोजच सण होता. सातव्या महिन्यात तपासणीसाठी ती धुळ्याला आली आणि चार दिवस माझ्याकडे राहिली. रिकामी बसणारी पोर नाही ती. माझ्या मशीनशेजारी बसून शिवून झालेल्या ब्लाउजांचे लोंबते धागे मी दिलेल्या कात्रीने कापत होती. तेवढ्यात शेजारीण दारातून म्हणाली, ग्रहण लागलं बरं का, पाणी झाकून ठेवलंत ना? गरोदर बाईने ग्रहणात कात्री, सुरी हातात धरू नये, बाळात काहीतरी खोट राहते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी सोनलच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हटलं, राहू दे गं, चहा टाक. ती उठली आणि तिने चहा टाकला. मी मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे फैजपूरला, तिच्या माहेरी, मुलगा झाला. आमच्यात बारशाला आत्याने अंगडं-टोपडं न्यायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं. मी तर शिवणकाम करणारी आत्या, म्हणजे सगळ्यांचं लक्ष माझ्या टोपड्याकडे! म्हणून मी आदल्या दिवशीच गेले आणि निजलेल्या बाळाच्या डोक्याचं माप घेतलं. घेर बरोबर होता. पण कपाळापासून मानेपर्यंतचं माप लांब आलं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं आखूड. मी पुन्हा घेतलं, तेच आलं. वरून पाहिलं तर डोकं पपईसारखं लांबट आणि अरुंद. माझी माय शेजारीच बसली होती. ती अगदी निर्धास्त. "तू काय घाबरी राह्यनी? योगेशनं डोकं बी असंच व्हतं. तेल लावा, मोहरीनी उशी ठेवा, महिनाभरमा गोल व्हई जाई." दवाखान्यातही सांगितलं होतं की जन्मताना डोकं दाबलं जातं, थोडं लांबट दिसतं, काही आठवड्यांत आपोआप बसतं. ते खोटं नव्हतं, बहुतेक बाळांचं तसंच होतं. पण मला डोळ्यांपुढे ती कात्रीच दिसत होती.

मग मी जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते. रात्री जागून नाही, चांगलं दिवसाढवळ्या, फैजपूरच्या त्या घरातल्या जुन्या मशीनवर बसून मी टोपडं असं कापलं की डोकं गोल दिसावं. दोन्ही बाजूंना कानांच्या वर कापसाची पातळ घडी घातली, वरून झालर सोडली, मागे चुण्या कमी केल्या. पार्थ हे नाव मी त्याच्या कानात सांगितलं आणि ते टोपडं चढवलं. बाया म्हणाल्या, काय गं गोल गरगरीत लाडू दिसतोय! मला कौतुक आवडलं, हेही लिहूनच टाकते. माझ्या हातात कला आहे याचा मला त्या दिवशीही अभिमान वाटला. त्यानंतर मी पारोळ्याला जाताना दर वेळी दोन-दोन टोपडी नेली, कधी पिवळी, कधी निळी, कधी खणाची. बाळाचं डोकं वाढत होतं, पण गोल होत नव्हतं. कपाळ पुढे येत चाललं होतं. मालिशवाली तळव्यांनी दाबून-दाबून दमली, उशीतली मोहरी तीनदा बदलली. माझी टोपडी मात्र सगळं सांभाळून घेत होती. लसीच्या वेळी बाळ असं रडायचं की टोपडं काढायचं कुणाला सुचायचंच नाही. एक गोष्ट मला नवलाची वाटायची. अंघोळ-मालिश सोडली तर सोनल त्याचं टोपडं कधी म्हणजे कधीच काढायची नाही, घरात आम्ही दोघीच असतानाही नाही. मी समजायचे, नणंदेच्या शिवणीचं मन राखते आहे.

सुरुवातीला मी देवळात जाऊन मागत होते, आई, कुणाच्या लक्षात यायच्या आत हे डोकं गोल कर. मागणं कसं होतं बघा! बाळ बरं व्हावं यापेक्षा कुणाला कळू नये हेच पुढे. दर वेळी देवीच्या डोळ्यांकडे पाहिलं की वाटायचं, हिला कात्री ठाऊक आहे. मग मी जाणंच सोडलं.

चैत्र आला. आमच्याकडचा चैत्र म्हणजे सकाळी नऊलाच रस्त्यावर चिटपाखरू नाही, लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो. त्या उन्हात माझी कापूस घातलेली टोपडी! पार्थच्या डोक्यात घामोळं उठलं, मग त्याचे फोड झाले. बाळ रात्रंदिवस किरकिरायला लागलं. खरं तर त्याचं जावळ वर्ष उलटल्यावर, पुढच्या चैत्रात एकवीरेच्या दारी काढायचं ठरलं होतं. पण मायने फर्मान काढलं, आत्ताच काढा, पोराच्या डोक्याला वारा लागू द्या. ज्या टोपड्याने मी ते डोकं झाकलं, त्याच टोपड्याने ते उघडं करायची वेळ आणली. तेव्हा मात्र मला हे सुचलं नाही. तेव्हा मला फक्त घाम फुटला होता.

तरी मी हुशारी सोडली नाही. आमच्या घरची सगळी जावळं पारोळ्याचे एक ओळखीचे नाभिक काढतात. त्यांना मी आधीच फोन करून ठेवला की पोराच्या डोक्यात फोड आहेत, वस्तरा नको, शास्त्रापुरती एक बट कात्रीने काढा आणि मोकळे व्हा. ते हो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. आणि जावळ ठरलेल्या रविवारी सकाळी सगळे एकवीरेच्या देवळाशी पोचल्यावर त्यांचा योगेशला फोन आला, लेकीला बघायला पाहुणे अचानक आलेत, मी काही येऊ शकत नाही! यात्रेचे दिवस, पांझरा नदीच्या काठापर्यंत माणूसच माणूस, जागोजागी जावळं चाललेली. प्रत्येक नाभिकापुढे चार-पाच कुटुंबं उभी. फक्त कडेला, निंबाखाली, एका किडकिडीत म्हाताऱ्यापुढची जागा नुकती रिकामी झाली होती. माय सरळ त्याच्यापुढे जाऊन बसली.

सोनलच्या भावाने, म्हणजे पार्थच्या मामाने, रीतीप्रमाणे त्याला मांडीवर घेतलं. म्हातारा म्हणाला, टोपडं काढा. सोनलने माझ्याकडे पाहिलं, मी सोनलकडे. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, एकच बट काढा, पोरले त्रास नको." तो हसला. "जावळ अर्धं नही काढतस, ताई. मन्हा हात हलका शे, भिऊ नका." आणि त्यानेच बंद सोडून टोपडं बाजूला ठेवलं.

केस ओले केले. उजव्या बाजूने वस्तरा चालवला. खरंच हलका हात, फोडांना चुकवत-चुकवत, पार्थ रडलासुद्धा नाही. डोक्याच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. अंगठा कपाळापासून मागे नेला, परत पुढे आणला, पुन्हा मागे नेला. वस्तरा वाटीत ठेवला.

"कितला महिनाना शे हाऊ?" त्याने विचारलं.

"पाच सरनात, सहावा लागना," माय म्हणाली.

त्याने मायला नाही, सोनललाही नाही, मलाच हाक मारली. "ताई, आठे बोट फिरावा." मी बोट फिरवलं. टाळूच्या मागे, बरोबर मध्यावर, हाडाचा एक कंगोरा हाताला लागत होता. पाच महिने मी त्या डोक्याची मापं घेत होते, पण केसांतून बोट फिरवायची हिंमत केली नव्हती. म्हातारा हळू आवाजात बोलत होता. "तान्हं पोरनं हाड आठे जुळेल नही ऱ्हास. हाई जुळी गयं. मी चाळीस वरीसपासून आठे जावळं काढस. असं डोकं माले दोनदाच सापडनं. पयल्या पोरना बापले मी काही सांगं नही, माले भ्या वाटनं, सणना दिन शे, कसं बोलू. ते माले आजलोंग टोचस. म्हणीसन तुमले सांगस. मालिशनं काम नही हाई. आजच डॉक्टरले दाखाडा."

माय चिडलीच. आधी जावळ पुरं करा, नैवेद्य दाखवू, मग काय ते बघू, असं तिचं सुरू झालं. पुरणपोळीचा डबा तिच्या मांडीवर होता. म्हातारा तिला म्हणाला, "पुरं मंग करूत, माय. देवी आठेच शे, ती कोठे जास?"

आणि मग मला काय झालं, मी कशी सांगू! पाच महिने मिटलेलं तोंड उघडलं. "योगेश, गाडी काढ!" मी अशी ओरडले की शेजारचं एक बाळ दचकून रडायला लागलं. हळदीकुंकू लावलेला, अर्धं डोकं भादरलेला पार्थ मी मामाच्या मांडीवरून उचलला आणि गर्दीतून धावत सुटले. मागे सोनल, तिच्या मागे डबा सांभाळत माय. वाटेत देवळाचा कळस दिसला, हात जोडायला हात मोकळे नव्हते. नुसती मान वाकवली. कित्येक महिन्यांनी वाकवली. छाती धडधडत होती, पण ती भीतीची धडधड नव्हती. लहानपणी लपाछपीत कुणी आपल्याला शोधून काढल्यावर जसं एकदम मोकळं वाटतं, तसं काहीतरी होतं ते.

देवपुरातले एक बालरोगतज्ज्ञ रविवारी अकरापर्यंतच बसतात. आम्ही पोचलो तेव्हा ते फाटकाला कडी लावत होते. पार्थचं अर्धं डोकं पाहून हसू आलं त्यांना, मग त्यांनी बोट फिरवलं आणि हसू गेलं. कडी काढून आम्हाला आत घेतलं. टेप घेतली, वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, टाळू दाबून पाहिली. मग विचारलं, "कुणी पाठवलं तुम्हाला?" मी निंबाखालच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

त्यांनी समजावलं ते मी जसं कळलं तसं लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. बाळाचं डोकं वेडंवाकडं दिसायची कारणं वेगवेगळी असतात. जन्मताना दाबलं गेलेलं डोकं काही आठवड्यांत आपोआप नीट होतं. एकाच कुशीवर किंवा सारखं पाठीवर निजून मागचा भाग चपटा होतो, तेही बहुतेकदा मान वळती ठेवून, जागेपणी पोटावर खेळवून सुधारतं. पण कवटीची हाडं तान्हेपणी सुटी असतात, मध्ये सांधे असतात, मेंदू वाढतो तसं डोकं त्या सांध्यांतून वाढतं. त्यातला एखादा सांधा वेळेआधी जुळला तर डोक्याला त्या बाजूने वाढता येत नाही, ते दुसरीकडे लांबतं. पार्थचा मधला सांधा जुळला होता. याला मोहरीची उशी नाही, मालिश नाही, दाबणं तर मुळीच नाही. ऑपरेशन करावं लागतं, आणि ते पहिल्या वर्षाच्या आत चांगलं होतं. "वर्ष उलटून आणलं असतंत तर फार अवघड झालं असतं," ते म्हणाले. आम्ही जावळ वर्ष उलटल्यावरच काढणार होतो.

योगेशने विचारलं, कशामुळे झालं? डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तेव्हा सोनल पहिल्यांदा बोलली. खाली बघत म्हणाली, "डॉक्टर, ग्रहणात आईने कात्री धरली तर असं होतं का?"

मी खुर्चीवरून उठलेच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, नाही, अजिबात नाही, ग्रहणाचा आणि कात्रीचा हाडांशी काही संबंध नाही. पण मला आता थांबवेना. मी सगळ्यांपुढे सांगून टाकलं. कात्री मी दिली, मीच काढून घेतली, डोकं पहिल्या दिवसापासून मला दिसत होतं, टोपड्यात कापूस मी घातला, सगळं मी केलं. रडतही होते आणि बोलतही होते. सोनलने माझा हात धरला. "अक्का, तुम्ही कात्री काढून घेतली तेव्हाच मला कळलं होतं. फैजपूरलाही ग्रहण लागतं हो! टोपड्यात कापूस आहे हेही मला माहीत होतं, मीच धुवायचे ना ती. मला वाटलं, मी बोलले तर घरात तुमचं नाव येईल. म्हणून मी टोपडं काढलंच नाही." आम्ही दोघी एकमेकींना वाचवत बसलो होतो, आणि ज्याला वाचवायचं त्याच्याच डोक्यात फोड उठले होते. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही दोघींनी मिळून पाच महिने ग्रहणच पाळलंत म्हणायचं." रडता-रडता हसू फुटलं आम्हाला. माय तेवढी हसली नाही. तिने डबा उघडला आणि पुरणपोळीचा पहिला घास पार्थच्या कपाळाला लावून डॉक्टरांच्या हातावर ठेवला. म्हणाली, हाऊच नैवेद्य.

पुढचं सगळं भराभर झालं. सीटी स्कॅनमध्ये तेच निघालं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तारीख मिळाली. सातव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, सोनलने पार्थला नर्सच्या हातात दिलं. पाच तास लागतील, रक्त द्यावं लागेल, असं सांगितलं होतं. आम्ही बाकावर बसलो. मी मागायला डोळे मिटले आणि मला मागताच येईना. काय मागू? वाचव म्हणू, डोकं गोल कर म्हणू, माझा अपराध पोटात घाल म्हणू? शब्दच जुळेनात. शेवटी इतकंच म्हटलं, आई, हा तुझा आहे, तू बघ, मी इथे बसले आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी काही अट न घालता देवीपुढे बसले असेन. आणि खरं सांगते, त्या बाकावर, त्या औषधांच्या वासात, माझं मन इतकं निवांत झालं की मलाच अपराधी वाटायला लागलं.

पावणेपाच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि हसले. पण त्यांनी आधीच बजावलं होतं तसं पार्थचं तोंड सुजलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाके, डोळे सुजून पूर्ण बंद. आवाज ओळखून तो चेहरा वळवायचा आणि त्याला काही दिसायचं नाही. दोन दिवस सोनल त्याच्या उशाशी बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या तळपायाला हात लावून बसले होते. डावा डोळा किलकिला झाला, मिटला, पुन्हा उघडला. त्याने आधी सोनलला शोधलं. मग मला. आणि त्या सुजलेल्या तोंडाने तो हसला! मी वॉर्डात ओरडले, नर्स रागावली, सोनल रडली, योगेश पळत बाहेर जाऊन मायला फोन करायला लागला आणि त्याच्याने बोलवेना. तेवढा एक डोळा उघडलेला पाहायला मी सात जन्म परत येईन.

आता पार्थ दीड वर्षाचा आहे, घरभर पळतो, भांडी पाडतो. केसांखाली टाक्यांची रेघ आहे, ती आम्ही कुणापासून लपवत नाही. निंबाखालच्या त्या आबांना मी शोधलं. ते कुठे गायब झाले नव्हते, दर मंगळवारी तिथेच बसतात. मी पाया पडायला वाकले तर चिडले. "मी काय कयं? देवीना दारमा बठस, इतलंच." मग पार्थच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, एकदा पुढून मागे, आणि राहिलेलं जावळ पुरं करायला वाटीत पाणी घेतलं.

ते देवीने केलं की योगायोग होता, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पारोळ्याच्या नाभिकाकडे पाहुणे त्याच दिवशी का आले, निंबाखालची जागा तेव्हाच रिकामी का झाली, डॉक्टरांचा हात फाटकाच्या कडीवरच का होता, मला ठाऊक नाही. मला माझं ठाऊक आहे. मी पुन्हा दर मंगळवारी जवळच्या रस्त्याने देवळात जाते. पूर्वी मी मागणीची यादी घेऊन जायचे. आता गाभाऱ्यापुढे उभी राहते आणि आठवडाभरात जे झालं ते सगळं सांगते, त्यातही जे सांगायची लाज वाटते ते सर्वांत आधी. एवढं झालं की मागायचं काही शिल्लक राहत नाही, आणि मी घरी येऊन मशीनवर बसते.